वीतभर समुद्र

उतारावरच्या जागेत घर बांधायला निघालेल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. समुद्र पश्चिमेला, किनारा साधारण ४०० मीटरवर, जागा समुद्रसपाटीपासून १८ मीटर उंच. घरात पाच माणसं: ती, नवरा, १५ आणि ९ वर्षांची मुलं आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. आर्किटेक्टनं काढलेल्या नकाशात बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर आहे, पश्चिमेची सगळी भिंत जमिनीपासून छतापर्यंत काचेची आहे आणि प्रत्येक झोपायच्या खोलीतून समुद्र दिसतो. खर्चाचा अंदाज हातातल्या पैशांच्या दीडपट झाला. नवऱ्याचं म्हणणं, कर्ज वाढवू. दार उघडलं की समोर समुद्र हवा, हे त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न आहे. सासूबाई म्हणतात, मला समुद्र नको, मला जिने नकोत. आणि मैत्रीण विचारते: "काच कमी केली तर समुद्राजवळ घर बांधण्यात अर्थ काय उरतो? आणि नाही केली तर पुढची वीस वर्षं आम्ही हप्तेच फेडत बसणार. काय सोडू?"

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कागद-पेन्सिल घेऊन बसले, कारण तुम्ही अंतर आणि उंची दोन्ही लिहिली होती. बहुतेक पत्रांत एवढं नेमकं काही नसतं. त्या दोन आकड्यांवरून एक छोटा हिशेब मांडता येतो, आणि माझं उत्तर बरंचसं त्यावरच उभं आहे.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: जितकी काच जास्त, तितका समुद्र जास्त. हे खरं आहे का, ते आधी बघू.

खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे फरशीपासून साधारण १.१५ मीटरवर असतात. जोत्याची उंची धरली, तर तळमजल्यावर बसलेल्या तुमचे डोळे समुद्रापासून जवळपास २० मीटर वर. क्षितिज नेहमी आपल्या डोळ्यांच्या पातळीत दिसतं. आपण उठलो की तेही उठतं, बसलो की बसतं. म्हणजे समुद्राची वरची कड तुमच्या डोळ्यांसमोर आणि खालची कड, म्हणजे किनारा, ४०० मीटरवर २० मीटर खाली. आता खिडकीपासून ३ मीटर मागे बसा. २० भागिले ४००, गुणिले ३. उत्तर येतं ०.१५ मीटर. काचेवर समुद्रानं व्यापलेली पट्टी १५ सेंटिमीटर उंच असेल. वीतभरसुद्धा नाही.

क्षणभर थांबून हे डोळ्यांसमोर आणा. छतापर्यंतच्या त्या काचेत १५ सेंटिमीटर समुद्र, त्याच्यावर आकाश आणि त्याच्याखाली उतारावरची झाडं, रस्ता, आणि उद्या कुणाचं तरी छप्पर. आकाश सुंदरच असतं, त्याबद्दल वाद नाही. पण काचेचा जो खर्च समुद्राच्या नावावर लिहिला जातो आहे, त्यातला मोठा भाग आकाशाचा आणि अंगणाचा आहे, एवढं नवऱ्याबरोबर बसून बघायला हवं.

आता तोच हिशेब वरच्या मजल्याचा. डोळे ३ मीटर आणखी वर गेले, म्हणजे २३. २३ भागिले ४००, गुणिले ३: सतरा सेंटिमीटरांच्या जरा वर. सगळी बैठक आणि स्वयंपाकघर वर चढवून, सासूबाईंना रोज जिन्याला जुंपून, समुद्र मिळतो तो दोन सेंटिमीटर जास्त. क्षितिजाचं म्हणाल तर ते तळमजल्यावरून सुमारे १६ किलोमीटरवर असेल आणि वरून १७. डोळ्याला हा फरक कळतही नाही.

म्हणजे तुमच्याकडच्या समुद्राला उंची फार नाही, रुंदी मात्र भरपूर आहे. तो आडवा आहे, म्हणून त्याला खिडकीही आडवीच शोभेल. ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदानं १९२३-२४ मध्ये आपल्या आईवडिलांसाठी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठावर एक घर बांधलं. जेमतेम ६४ चौरस मीटरचं, एकमजली, अगदी साधं. त्यात पाण्याकडे तोंड करून ११ मीटर लांबीची एकच आडवी खिडकी आहे, लांब आणि बुटकी. वडील लवकर गेले, पण आई तिथे १९६० पर्यंत राहिली. मला त्या घरातली आणखी एक गोष्ट फार आवडते. बागेच्या टोकाला, जिथून सरोवर मोकळं दिसलं असतं, तिथे त्यानं मुद्दाम भिंत घातली, भिंतीत एक चौकोन ठेवला आणि त्या चौकोनापाशी टेबल मांडलं. उघड्यावर पसरलेलं पाणी त्या चौकोनात आलं की डोळा तिथेच थांबतो.

तुमची खिडकी ११ मीटरचीही असायला नको, कारण दुसरा हिशेब याहून उपयोगाचा आहे. दोन मीटर रुंद खिडकीसमोर १ मीटरवर बसलात, तर तुम्हाला ९० अंशांचा देखावा दिसतो. तोच ९० अंशांचा देखावा ३ मीटर मागच्या सोफ्यावरून हवा असेल, तर खिडकी ६ मीटर लागते. तिप्पट काच, तिप्पट चौकटी, वरती लांब तुळई, आणि मिळणार तेच. त्यापेक्षा माणसाला खिडकीजवळ न्या. खिडकीलगत ४५ सेंटिमीटर उंचीचा, मांडी घालून बसता येईल एवढा खोल, उबदार लाकडाचा कट्टा करा आणि खाली पुस्तकांचे कप्पे ठेवा. पंधरा वर्षांचं लेकरू तिथे पाय पसरून तासन् तास बसेल, आणि तुमच्या पैशांतला समुद्र तुम्हाला खऱ्या अर्थानं वापरता येईल.

म्हणून माझी विनंती आहे की नकाशात खिडक्या काढण्याआधी खुर्च्या काढा. दिवसभरात कोण, कुठे, काय करत, किती वेळ बसतं किंवा उभं राहतं? झोपायच्या खोलीत आपण डोळे मिटलेले असतो, आणि रात्री काच काळी पडते. आत दिवा असला की तिच्यात समुद्राऐवजी आपलंच प्रतिबिंब दिसतं. त्या खोल्यांना समुद्राचा आवाज पुरे. त्यासाठी एक लहान, उघडणारी खिडकी बास. स्वयंपाकघरात मात्र कुणीतरी रोज तास-दोन तास उभं असतं. पत्रात कुठेही तुम्ही स्वतःसाठी काही मागितलेलं नाही, ते मला खुपलं. ओट्यासमोर, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे दीड-एक मीटरवर मध्य येईल अशी बुटकी आडवी खिडकी ठेवा. सबंध घरात सर्वांत जास्त पाहिला जाणारा समुद्र तोच असेल.

हे मी अंदाजानं लिहीत नाही. आम्ही तीन वर्षं समुद्रासमोर भाड्यानं राहिलो होतो. बैठकीला पश्चिमेकडे भिंतभर काच होती. पहिला आठवडा आम्ही सगळे तिच्यासमोरच जेवलो. महिन्याभरात दुपारी तीनला जाड पडदे ओढायची सवय लागली, आणि ते उघडायचे सूर्य बुडाल्यावर. काचेवर खाऱ्या वाऱ्याचा असा पांढुरका थर बसायचा की बोटानं नाव लिहिता यावं. आतून पुसायची सोय होती, बाहेरून शिडी लागायची, म्हणून बाहेरचा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहायचा. आणि स्वयंपाकघरात मोरीवर जेमतेम दीड फुटाची खिडकी होती, हात लांबवला की बाहेरून पुसता यायची. भांडी विसळताना त्यातून एखादी होडी डावीकडून शिरायची आणि उजवीकडून निघून जायची. ते घर सोडलं तेव्हा मला आठवत राहिली ती खिडकी.

पडद्यांचं कारण साधं आहे. सूर्य डोक्यावर असताना शांत पाणी फक्त दोन टक्के प्रकाश परत फेकतं. तो क्षितिजापासून दहा अंशांवर उतरला की तेच पाणी एक तृतीयांश प्रकाश परत फेकू लागतं. पश्चिमेच्या घरात तो सूर्य आणि हा परतलेला प्रकाश दोन्ही थेट डोळ्यांत येतात, आणि छज्जा कितीही पुढे काढला तरी इतका खाली आलेला सूर्य अडत नाही. सिडनीचं ऑपेरा हाऊस ज्यांनी रचलं, त्या यॉर्न उत्सोन यांनी मायोर्का बेटावर कड्याच्या टोकावर स्वतःचं घर बांधलं. खिडक्यांना जाड दगडी भिंतींचे खोल कोनाडे दिले, काच बाहेरच्या बाजूनं अशी बसवली की आतून चौकट दिसूच नये. अप्रतिम घर आहे ते. तरी पुढे १९९० च्या दशकात ते त्याच बेटावर आतल्या डोंगरउतारावर दुसरं घर बांधून राहायला गेले. समुद्राच्या त्या उजेडाचा त्यांच्या डोळ्यांना त्रास व्हायला लागला होता, हे त्यामागचं एक कारण सांगितलं जातं. इतक्या जाणत्या माणसाला जे सोसलं नाही, ते सासूबाईंच्या डोळ्यांना रोज सोसावं लागू नये. पश्चिमेची खिडकी आडवी, भिंतीत खोल बसलेली ठेवा आणि बाहेरून सरकती लाकडी झडप द्या. ऊन काचेच्या आत येण्याआधी अडवलं तर खोली तापत नाही. आतला पडदा हे काम करू शकत नाही.

आता नवऱ्याच्या स्वप्नाबद्दल. "दार उघडलं की समोर समुद्र" ही इच्छा मला खोटी वाटत नाही, आणि ती हिशेबानं उडवून लावायचीही नाही. पण त्यांना एकदा शांतपणे विचारा की लहानपणी तो समुद्र त्यांनी कुठून पाहिला होता. मला वाटतं, आठवणीत एखादी जागा निघेल: पायरी, वळण, कुणाच्या तरी खांद्यावरून दिसलेलं पाणी. जपानमध्ये सोळाव्या शतकातले चहाविधीचे गुरू सेन नो रिक्यू यांची एक गोष्ट सांगतात. त्यांच्या बागेतून समुद्र दिसायचा, आणि त्यांनी कुंपणाची झाडं लावून तो झाकून टाकला. पाहुणे चकित झाले. मग आत जाण्याआधी हात धुवायला दगडी कुंडीपाशी वाकले, आणि नेमक्या त्या क्षणी झाडांच्या फटीतून समुद्र दिसला. ओंजळीत पाणी आणि समोर पाणी. तुमच्याकडे दारातून आत आल्यावर चार पावलं भिंत असावी आणि मग वळल्यावर ती आडवी खिडकी यावी, असं करता येईल. रोज संध्याकाळी घरी परतताना ते वळण त्यांचं असेल, आणि त्याला जास्तीची काच लागत नाही.

इथे एका काळजीच्या गोष्टीकडे वळते. पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलं आहे की समोरचा प्लॉट रिकामा आहे आणि तुमच्यापेक्षा चारेक मीटर खाली आहे. मला ही सगळ्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ वाटली. क्षितिज डोळ्यांच्या पातळीत असतं, त्यामुळे समोरची जी वस्तू तुमच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा उंच जाईल, ती समुद्र पूर्ण झाकेल. तिथे ७ मीटर उंचीचं दुमजली घर झालं, तर त्याचं छप्पर तुमच्या जमिनीपेक्षा ३ मीटर वर येईल. तळमजल्यावरचा समुद्र त्या बाजूनं गेला. वरच्या मजल्यावरून तो राहील. वर चढण्याला खरं कारण आहे ते एवढंच.

तरी माझं मत सगळं घर वर न्या असं नाही. आधी त्या प्लॉटवर किती उंच बांधता येतं आणि हद्दीपासून किती अंतर सोडावं लागतं, ते स्थानिक बांधकाम कार्यालयातून लेखी घ्या. किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम तुमच्या स्वतःच्या जागेलाही लागू असतील, तेही त्याच खेपेला विचारा. मग उतारावरून खाली जाणारा रस्ता किंवा ओढा कुठल्या दिशेला आहे ते बघा. रस्त्यावर कुणी घर बांधत नाही. त्या फटीतून तिरका दिसणारा समुद्र टिकाऊ असतो, म्हणून कट्ट्याची मुख्य खिडकी तिकडे वळवा, मग घराचा एक कोपरा किंचित तिरपा झाला तरी चालेल. आणि वरच्या मजल्यावर एक लहान खोली किंवा नुसती गच्ची ठेवा. सासूबाईंची खोली, स्वयंपाकघर आणि बैठक खालीच राहू द्या.

खाली राहण्याचा आणखी एक फायदा आहे. वरच्या बाल्कनीला कठडा लागतो आणि तो सुरक्षिततेसाठी मीटरभर उंच असावाच लागतो. ती पंधरा-सतरा सेंटिमीटरांची पट्टी आठवते ना? ३ मीटर मागे बसलेल्याला ती बरोबर एक मीटर ते १.१५ मीटर या उंचीत दिसते. कठड्याचा वरचा जाड पाइप नेमका तिच्यावर येऊन बसतो. कितीतरी घरांत लोक समुद्राऐवजी पाइप बघत बसलेले असतात आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. तळमजल्यावर पडवीपुढे खोल उतार नसेल तर कठड्याची गरजच पडत नाही. वर लागलाच, तर वरची पट्टी सडपातळ घ्या. खिडकीच्या चौकटीतला आडवा दांडाही १ ते १.२ मीटर या उंचीत येऊ देऊ नका.

काचेतून वाचलेले पैसे कुठे घालायचे? खाऱ्या हवेपासून घर वाचवण्यात. ४०० मीटरवर मीठ पोचतंच. ते काँक्रीटमध्ये झिरपून सळईपर्यंत गेलं की सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपेक्षा जास्त, कधी सहापट जागा मागतो. काँक्रीट आतून फुटतं, पोपडे पडतात, आणि ती दुरुस्ती कुठल्याही खिडकीपेक्षा महाग असते. उघड्यावरच्या खांब-तुळयांत सळईवर ५० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, मागा आणि स्लॅब ओतण्याआधी तो थर राखणारे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईखालचे छोटे ठोकळे, स्वतः उभं राहून बघा. काँक्रीट कालवताना पाणी कमी घालायला लावा. ओतायला सोपं जावं म्हणून मजूर ते वाढवत राहतात. किनाऱ्यावरची वाळू कुणी कितीही स्वस्त दिली तरी नको. बिजागऱ्या आणि स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. त्यात मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे साध्या ३०४ पेक्षा ते मिठाला जास्त टिकतं. ॲल्युमिनियमच्या चौकटीत साधे लोखंडी स्क्रू मारू देऊ नका, दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना लागले की झिजणं वाढतं. आणि एक गोष्ट लोकांना उलटी वाटते: पावसानं धुऊन निघणाऱ्या भागापेक्षा छज्ज्याखालचा कोरडा भाग जास्त गंजतो, कारण तिथलं मीठ कुणी धूत नाही. तिथे महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचा पाइप मारायची सोय ठेवा.

कुठली काच पक्की आणि कुठली उघडणारी, तेही पैशांच्या दृष्टीनं बघा. न उघडणारी काच सरकत्या काचेपेक्षा बरीच स्वस्त असते आणि तिच्यात बिघडण्यासारखं काही नसतं. देखाव्याला पक्की काच द्या, वाऱ्याला तिच्या शेजारी अरुंद उघडणारी झडप. पण बाहेरून हात पोचेल अशीच जागा ठरवा.

आणि काही वर्षांनी हातात पैसे आले आणि खिडकी मोठी हवीशी वाटली तर? त्याची सोय आजच करता येते. पश्चिमेच्या भिंतीवर लिंटेल, म्हणजे खिडकीच्या डोक्यावरची तुळई, पूर्ण रुंदीचं ओतून घ्या आणि खाली आज नको तेवढा भाग विटांनी भरा. उद्या विटा काढल्या की झालं. घराला धक्का लागत नाही. त्यामुळे नवऱ्याला "नाही" म्हणावं लागणार नाही, "आत्ता नाही" म्हणता येईल. कर्जाच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. हातातल्या पैशांच्या दीडपट अंदाजावर सुरू केलेलं घर बहुतेक त्याहून वर जातं, कमी होत नाही.

आर्किटेक्टला पुन्हा भेटण्याआधी येत्या सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी जागेवर जा. पाच खुर्च्या, आठ काठ्या आणि सुतळीचं बंडल न्या. जिथे खोली येणार तिथे सासूबाईंना त्यांच्या आवडीची खुर्ची मांडून बसवा, त्यांच्यासमोर मीटरभर अंतरावर काठ्या रोवून सुतळीची चौकट बांधा, आणि त्या सांगतील तशी वरखाली, डावीउजवी सरकवा. फरशी जमिनीपेक्षा जोत्याएवढी वर येणार आहे हे लक्षात ठेवून खुर्ची पाटावर किंवा विटांवर उचला. मग मुलांच्या चौकटी, तुमची ओट्यापुढची, नवऱ्याची दारातली. सकाळी एकदा आणि सूर्य खाली आल्यावर एकदा, दोन्ही वेळा बसून बघा. प्रत्येक चौकट टेपनं मोजून वहीत उतरवा: जमिनीपासून उंची, रुंदी, खुर्चीपासून अंतर. आर्किटेक्टला ती वही द्या आणि नकाशा तिथून सुरू करायला सांगा.

सासूबाईंनी "मला समुद्र नको" म्हटलं आहे, ते माझ्या मते जिन्यांना दिलेलं उत्तर आहे. जिना नसेल, तर त्या सुतळीच्या चौकटीत किती वेळ बघत बसतात, ते मला नक्की कळवा.